एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यावर पेशींमधला बदल कोणाचा वाढतो, कोणाचा मावळतो?

स्लाइडवाचक

एचपीव्हीवरचे प्रश्न आरोग्य विभागात अधूनमधून येतात आणि उत्तरं पाच धाग्यांत विखुरतात, म्हणून हा एकच धागा. विषय नेमका ठेवू या. एचपीव्ही (संबंधातून लागणारा, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू) आहे हे कळलं, पॅपमध्ये (गर्भाशयमुखावरून खरवडलेल्या पेशींच्या तपासणीत) किंवा बायोप्सीत (छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) गर्भाशयमुखाच्या पेशी बदललेल्या दिसल्या. आता हा बदल पुढे सरकेल की मावळेल, हे कशावर ठरतं?

लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ जणींमध्ये दोन वर्षांच्या आत विषाणू चाचणीत सापडेनासा होतो. एकीत तो टिकतो, आणि पुढचं सगळं या टिकण्याभोवती फिरतं. विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीतल्या पी५३ आणि आरबी या राखणदार प्रथिनांना निकामी करतात. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की पेशीविभाजनावरचा ताबा सुटतो आणि जनुकांतल्या चुका साचत जातात. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर लागणीपासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात, ती खालावलेली असेल तर ५ ते १०.

बायोप्सीतली पायरी पाहा. कर्करोगाआधीचा पेशींतला बदल सीआयएन १, २, ३ असा मोजतात; १ सौम्य, ३ सर्वांत गंभीर. सीआयएन १ म्हणजे बहुतेक वेळा चालू लागणीची खूण. साठ टक्क्यांच्या आसपास आपोआप निवळतात, दहा टक्के किंवा त्याहून थोडे कमी सीआयएन ३ पर्यंत जातात. सीआयएन २ दोन वर्षं नुसतं पाहिलं तर साधारण निम्मे मावळतात, एक तृतीयांश तसेच राहतात आणि पाचातलं एकाहून थोडं कमी पुढे जातं. सीआयएन ३ ची गोष्ट वेगळी. न्यूझीलंडमध्ये पूर्वी पुरेसा उपचार न झालेल्या बायकांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा ३० वर्षांत सुमारे ३० टक्के जणींत कर्करोग झाला होता. म्हणून सीआयएन ३ ला कोणी 'बघू या सहा महिने' म्हणत नाही, अपवाद गरोदरपणाचा.

आता विषाणूचा प्रकार, जो क्रमांकाने ओळखतात. पॅप नॉर्मल असलेल्या बायकांचा अमेरिकेत दहा वर्षं मागोवा घेतला तेव्हा एचपीव्ही १६ असलेल्यांत सुमारे १७ टक्के, १८ असलेल्यांत १४ टक्के आणि उच्च-धोक्याच्या इतर प्रकारांत ३ टक्के जणींत सीआयएन ३ किंवा त्यापुढचं सापडलं. एवढा फरक असताना नुसतं 'पॉझिटिव्ह' म्हणून घाबरणं आणि नुसतं 'पॅप नॉर्मल' म्हणून निर्धास्त होणं, दोन्ही चूक.

कोल्पोवाली

उत्तम सुरुवात. यातून निघणारा व्यवहारातला नियम असा : १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असेल तर पॅप नॉर्मल असला तरी थेट कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहणं). इतर प्रकार पॉझिटिव्ह आणि पॅप नॉर्मल असेल तर एका वर्षाने पुन्हा एचपीव्ही चाचणी. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर कोल्पोस्कोपी. पॅपमध्ये एचएसआयएल (गंभीर बदल) किंवा एएससी-एच (गंभीर बदल नाकारता येत नाही) आलं तर प्रकार कुठलाही असो, थांबायचं नाही.

१८ बद्दल एक जास्तीची गोष्ट. हा प्रकार ग्रंथींच्या पेशींत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या नळीत वरच्या बाजूला, बदल करण्याकडे झुकतो. तिथवर पॅपचा ब्रश नीट पोचत नाही आणि कोल्पोस्कोपातून दिसतही नाही. त्यामुळे १८ असताना 'बाहेरून काही दिसलं नाही' एवढ्यावर समाधान मानू नये. नळीतला नमुना घेतला का, हे विचारा. गरोदर बाईत मात्र तो नमुना घेत नाहीत.

रानजाई

रिपोर्टात '१६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, इतर १२ उच्च-धोका पॉझिटिव्ह' असं येतं आणि शेजारी सीटी व्हॅल्यूचा आकडा. करोनामुळे सगळ्यांना सीटी माहीत आहे : आकडा कमी म्हणजे विषाणू जास्त. आकडा कमी म्हणजे बदल गंभीर, असं धरायचं का?

स्लाइडवाचक

नाही धरायचं. नमुन्यात किती पेशी आल्या, ब्रश कसा फिरला, यावरच तो आकडा वरखाली होतो. शिवाय नुकत्या झालेल्या आणि लवकरच जाणाऱ्या लागणीत विषाणू भरपूर असू शकतो, तर जुन्या सीआयएन ३ मध्ये कमी. उपचाराचा निर्णय सीटीवर घेत नाहीत.

'इतर १२' बद्दल दुसरी अडचण आहे, ती लक्षात ठेवा. हा आकडा बाराजणांचा एकत्र निकाल आहे. गेल्या वर्षी ३१ होता आणि तो जाऊन यंदा ५२ आला, तरी रिपोर्ट दोन्ही वेळा सारखाच दिसेल. टिकून राहणं धोक्याचं असतं ते त्याच प्रकाराचं. म्हणून शक्य असेल तेव्हा सगळे प्रकार वेगवेगळे सांगणारी चाचणी घ्यावी आणि पुढच्या वर्षी तीच चाचणी करावी. दोन वेगळ्या पद्धतींच्या चाचण्यांचे निकाल शेजारी ठेवून 'वाढलं-कमी झालं' म्हणता येत नाही. आणि ६, ११ अशा कमी-धोक्याच्या प्रकारांची तपासणी यासाठी करून घेऊ नका. त्यांनी चामखिळी येतात, कर्करोगाच्या तपासणीत त्यांचा उपयोग नाही.

समुपदेशक_सायन

प्रतिकारशक्तीचा मुद्दा स्वतंत्र लिहायला हवा, कारण सगळ्यात मोठं पारडं तिथे झुकतं. एचआयव्ही असलेल्या बाईत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट धरतात. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) कमी, विशेषतः २०० च्या खाली असेल तर लागण टिकते, एकाच वेळी अनेक प्रकार सापडतात आणि उपचारानंतरही बदल परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. एआरटी (एचआयव्हीची औषधं) वेळेवर सुरू होऊन नियमित चालली तर हा धोका उतरतो. पूर्ण जात नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं वेळापत्रक वेगळं आहे : इतर स्त्रियांना ३० व्या वर्षापासून एचपीव्ही चाचणी दर ५ ते १० वर्षांनी, एचआयव्ही असेल तर २५ पासून दर ३ ते ५ वर्षांनी.

केईएम, सायन, नायर, जेजे अशा रुग्णालयांत एआरटी केंद्र आणि स्त्रीरोग ओपीडी एकाच आवारात आहेत. तरी बाई दर महिन्याला औषध घेऊन जाते आणि गर्भाशयमुखाची तपासणी वर्षानुवर्षं राहते, कारण दोन ओपीडींचे केस पेपर वेगळे. गोळ्या घ्यायला जाल त्याच दिवशी पॅप किंवा एचपीव्हीची तारीख मागून घ्या आणि एआरटीच्या हिरव्या पुस्तकात म्हणा, डायरीत म्हणा, लिहून ठेवा.

एचआयव्हीशिवायही हा गट आहे. किडनी बदललेल्या, ल्युपस किंवा तत्सम आजारासाठी अझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट किंवा पोटातून दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या बायका. यांच्या तपासणीचं वेळापत्रक एचआयव्हीसारखंच धरतात. दम्याचा पंप किंवा त्वचेवरचं मलम यात मोजत नाहीत, त्यासाठी पंप बंद करू नका. मूळ आजाराची औषधंही कोणी आपण होऊन थांबवू नयेत.

चाफा

तंबाखूबद्दल लिहा ना. सिगारेट ओढणाऱ्या बायका कमी, पण मिश्री लावणाऱ्या आपल्याकडे घरोघरी आहेत. गिरणगावातल्या जुन्या चाळींत काय आणि गावाकडून आलेल्या मावश्या-काक्यांत काय.

कोल्पोवाली

फार योग्य प्रश्न. सिगारेट-बिडीचा पुरावा पक्का आहे : एचपीव्ही असलेल्या बायकांत स्क्वॅमस प्रकारच्या, म्हणजे पृष्ठभागावरच्या पेशींच्या, कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट. तंबाखूतली कर्करोगकारक रसायनं फुप्फुसातून रक्तात आणि तिथून गर्भाशयमुखाच्या स्रावात उतरतात, हे मोजून पाहिलेलं आहे. शिवाय तिथल्या त्वचेतल्या पहारेकरी पेशी कमी होतात आणि विषाणूला हटवणारं बळ घटतं. ग्रंथींच्या कर्करोगात हा संबंध दिसत नाही.

पान-तंबाखू खाणाऱ्या बायकांत दक्षिण भारतातल्या अभ्यासात धोका वाढलेला दिसला आहे, पण हा पुरावा धुराच्या तंबाखूइतका भक्कम नाही. मिश्रीतलं निकोटीन आणि नायट्रोसामाइन हिरड्यांतून रक्तात जातातच, त्यामुळे पेशी बदललेल्या बाईला मिश्री सोडायला सांगणं योग्यच. अडचण वेगळीच असते. 'तंबाखू खाता का?' विचारलं की 'नाही' उत्तर येतं, कारण मिश्रीला कोणी तंबाखू मानत नाही. इतिहास घेताना मिश्री, तपकीर, गुटखा, मावा हे एकेक नाव घेऊन विचारावं. आणि एकदम सोडली की दात दुखणं, शौचाला न होणं, चिडचिड या तक्रारींनी बाई चार दिवसांत परत लावते. दिवसातून चार वेळा असेल तर आधी एकावर आणायची, मग बंद.

नर्मदा_तीर

गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. पाच वर्षं गोळ्या चालू आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह, अशा वेळी बंद कराव्यात का?

कोल्पोवाली

पाच वर्षं किंवा त्याहून जास्त सलग घेणाऱ्यांत धोका सुमारे दुप्पट होतो. बंद केल्यावर तो उतरत जातो आणि दहा वर्षांत कधीच न घेतलेल्या बाईइतका होतो. याचा अर्थ आज रिपोर्ट आला म्हणून पाकीट मधेच फेकून द्यावं असा नाही. नको असलेली गर्भधारणा, तिच्यासाठीची धावपळ, हेही शरीरावरच येतं. तपासणी वेळेवर होत असेल तर गोळ्या चालू ठेवता येतात. मुलं पुरेशी झाली असतील, पाच वर्षं उलटली असतील, तर कॉपर-टीचा विचार जरूर करा. ती बसवलेल्या बायकांत हा कर्करोग सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला आहे. कंडोमचाही इथे दुहेरी फायदा. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत जोडीदाराने नियमित कंडोम वापरला तेव्हा पेशींमधले बदल जास्त प्रमाणात मावळले आणि विषाणूही लवकर गेला.

बाळंतपणांबद्दल : एचपीव्ही असलेल्या बायकांत सात किंवा जास्त पूर्ण दिवसांची बाळंतपणं झालेल्यांचा धोका एकही न झालेल्यांच्या जवळजवळ चौपट निघाला. पहिलं बाळंतपण फार लहान वयात झालं असेल तरी धोका वाढतो. त्या वयात आणि गरोदरपणात गर्भाशयमुखावरचा पेशी बदलणारा पट्टा बाहेर उघडा असतो, आणि विषाणूला तोच पट्टा लागतो. जी बाळंतपणं होऊन गेली ती बदलता येत नाहीत, पण पन्नाशीच्या, सहा-सात मुलं झालेल्या बाईला 'आता या वयात कसली तपासणी' म्हणून घरी बसवणं किती चुकीचं आहे ते यातून कळावं.

रानजाई

आणि अंगावरून पांढरं जाणं? त्यासाठी केमिस्टकडे मिळणारे वॉश?

स्लाइडवाचक

क्लॅमिडिया आणि जननांगाचा हर्पीज सोबत असेल तर एचपीव्ही असलेल्यांत धोका वाढतो. योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होऊन माशासारखा वास येणारा पातळ स्राव जातो, त्या स्थितीतही विषाणू जास्त टिकतो. त्यावर तपासून औषध घ्यावं. आत पाणी किंवा वॉश मारून धुतल्याने हेच उपयोगी जंतू निघून जातात, म्हणजे होतं ते उलटंच. बाहेरून साधं पाणी पुरे.

पॅपच्या रिपोर्टात 'तीव्र दाह' लिहिलेलं असलं की बरेच जण अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन विषय संपवतात. दाहाच्या ढिगात पेशी झाकल्या गेल्या असतील तर स्लाइड अपुरी ठरते. दाहावर उपचार करून पॅप पुन्हा करायचा असतो, तो दुसरा पॅपच राहून जातो.

आता स्लाइड कुठे बिघडते ते लिहिते, कारण चुकीचा 'नॉर्मल' हाही धोकाच आहे. पॅपच्या आधी ४८ तास संबंध, आत ठेवायच्या गोळ्या, क्रीम, धुणं, सगळं बंद. पाळीत नको. लाकडी स्पॅच्युलाचं लांब टोक मुखाच्या छिद्रात टेकवून पूर्ण ३६० अंश फिरवायचं, मग नळीसाठी ब्रश. पसरलेली स्लाइड लगेच, म्हणजे काही सेकंदांत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. टेबलावर राहून हवेत सुकली तर केंद्रकं फुगलेली आणि फिकट दिसतात, आणि मग खरा बदल की सुकल्याचा परिणाम हे सांगता येत नाही. स्पेक्युलमला (योनी उघडी धरण्याच्या साधनाला) जेली जास्त लावली तर पेशी कमी येतात. रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत 'नमुना समाधानकारक' आहे का आणि नळीच्या पेशी आल्या का, हे वाचा; मग निष्कर्ष. नीट घेतलेल्या एका साध्या पॅपमध्येही गंभीर बदलांपैकी निम्म्याच्या आसपासच पकडले जातात. एचपीव्ही चाचणी पुढे गेली ती यामुळेच.

कोल्पोवाली

पाळी गेलेल्यांसाठी भर घालते. वयाबरोबर गर्भाशयमुखावरचा तो पेशी बदलणारा पट्टा नळीत आत सरकतो आणि त्वचा पातळ होते. पॅपमध्ये 'एएससी-यूएस' (किरकोळ, अनिश्चित बदल) येतं आणि कोल्पोस्कोपीत पट्टा दिसतच नाही. अशा वेळी काही आठवडे योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देऊन पुन्हा पाहिलं तर चित्र स्वच्छ होतं. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने हे आधी सांगायला हवं.

कोल्पोस्कोपीत नेमकं काय पाहतात तेही लिहिते. ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. हलका बदल पातळ पांढरा, कडा वेड्यावाकड्या, लवकर विरणारा. गंभीर बदल पटकन उमटतो, जाड चुन्यासारखा पांढरा दिसतो, कड स्पष्ट असते आणि पांढरेपणा बराच वेळ टिकतो. आत रक्तवाहिन्यांची ठसठशीत ठिपक्यांची किंवा फरशीसारखी जाळी. वाहिन्या वेड्यावाकड्या, मधेच तुटणाऱ्या दिसल्या आणि स्पर्शाने रक्त आलं तर कर्करोगाचा संशय. घाई केली, मिनिट भरू दिलं नाही, की काही बदल दिसतच नाहीत. आणि एकाच तुकड्याने भागत नाही. संशयाच्या जागांतून दोन ते चार तुकडे घेतले तर सीआयएन ३ सुटण्याची शक्यता बरीच कमी होते.

माटुंगेकर

दोन प्रश्न. नवऱ्याचीही चाचणी करायची का? आणि आता लस घेऊन उपयोग आहे का?

समुपदेशक_सायन

पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली एचपीव्ही चाचणी नाही, आणि निकाल काहीही आला तरी बाईच्या उपचारात फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाचं : आज पॉझिटिव्ह येणं हा कोणाच्या बाहेरख्यालीपणाचा पुरावा नाही. वर्षांपूर्वीची लागण दबून राहून पुन्हा चाचणीत दिसू शकते. या एका गैरसमजावरून घरं मोडायला येतात आणि बाई पुढच्या तारखेला येतच नाही. रिपोर्ट देताना हे जोडीदारासमोर, सरळ शब्दांत सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

लस असलेली लागण काढत नाही, झालेला बदल मावळवत नाही. जे प्रकार अजून लागलेले नाहीत त्यांच्यापासून वाचवते. म्हणून खरा फायदा ९ ते १४ वयाच्या मुलींना. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ६, ११, १६, १८ या चार प्रकारांवर आहे आणि २०२३ पासून बाजारात आहे. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी चुकत नाही.

चाफा

आणि प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गोळ्या, जेल? व्हॉट्सॲपवर रोज एक येतं.

कोल्पोवाली

एचपीव्ही मारणारं औषध आज नाही. सीआयएन १ मध्ये काहीही घेतलं तरी निम्म्याहून जास्त जणी बऱ्या होतात, आणि श्रेय त्या बाटलीला जातं. पालेभाज्या, डाळी खाव्यात, फोलेट-बी१२ कमी असेल तर भरून काढावं, झोप घ्यावी. नुकसान होतं ते सीआयएन ३ असताना तीन महिन्यांचा कोर्स पूर्ण करण्यात.

नर्मदा_तीर

मुंबईत व्यवहारात सगळ्यात मोठा धोका कोणता म्हणाल?

स्लाइडवाचक

पुढची तारीख चुकणं, अगदी निःसंशय. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी केली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दोन्हीकडे साधनं साधी होती. फरक पडला तो पॉझिटिव्ह आलेल्या बाईपर्यंत परत पोचल्यामुळे.

इथे काय होतं? बायोप्सी एप्रिलमध्ये, मग मे महिना गावी, मग शाळा, मग गणपती. रिपोर्ट लॅबच्या खिडकीत पडून राहतो. म्हणून बायोप्सीच्याच दिवशी रिपोर्टाची तारीख आणि तो कोण आणणार हे ठरवा. केस पेपर, पॅप, एचपीव्ही, बायोप्सी, सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये. टाटामध्ये किंवा दुसरीकडे मत घ्यायचं तर नुसता कागद चालत नाही, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात बायोप्सीचा तुकडा जपलेला असतो) न्यावा लागतो. तो लॅबकडून मागून घेता येतो.

कोल्पोवाली

उपचार झाल्यावर तर हे जास्तच लागू. थर्मल ॲब्लेशन (बदललेला भाग उष्णतेने जाळणं) किंवा क्रायो (तो गोठवणं) तेव्हाच, जेव्हा पट्टा पूर्ण दिसतो, बदल नळीत शिरलेला नाही आणि कर्करोगाचा संशय नाही. नाहीतर लीप (विजेच्या तारेने तो भाग कापून काढणं). तरुण आणि पुढे मूल हवं असलेल्या बाईत १० मिमीपेक्षा खोल कापलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो, म्हणून सीआयएन २ असताना तिला सहा-सहा महिन्यांनी कोल्पोस्कोपी आणि पॅप करत दोन वर्षांपर्यंत थांबता येतं. लीपनंतर चार आठवडे संबंध आणि टॅम्पॉन नको.

रिपोर्टात कापलेल्या तुकड्याच्या कडा बदललेल्या पेशींपासून मोकळ्या आहेत का ते पाहा, विशेषतः नळीकडची. कडेला बदल उरला असेल, वय पन्नाशीपुढे असेल, एचआयव्ही असेल, तंबाखू चालू असेल, तर परत येण्याची शक्यता जास्त. सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणी सगळ्यांना. ती निगेटिव्ह आली तर दरवर्षी, सलग तीन निगेटिव्ह होईपर्यंत. मग दर तीन वर्षांनी, किमान २५ वर्षं. 'कापून टाकलं, संपलं' असं समजून इथेच बायका सुटतात. सीआयएन ३ साठी गर्भाशय काढलं असेल तरी योनीच्या वरच्या टोकाची तपासणी चालू ठेवायची.

रानजाई

गरोदरपणात एचएसआयएल निघालं तर?

कोल्पोवाली

कोल्पोस्कोपी करायची, तीही गरोदरपणात पाहण्याची सवय असलेल्या हातून. कर्करोगाचा संशय आला तर बायोप्सी घेता येते, रक्त थोडं जास्त जातं इतकंच. संशय नसेल तर सीआयएन २-३ वर उपचार बाळंतपणानंतर. अधूनमधून पाहत राहायचं आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा कोल्पोस्कोपी. माहेरी बाळंतपण होणार असेल तर रिपोर्टाची प्रत आणि ती तारीख दोन्ही सोबत द्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पाहता येईल.